केबिनमधला गुळाचा डबा

वाचकांची क्षमा मागूनच मला सुरुवात करावी लागेल. आयुष्यभर मी इतरांचे लेखन वर्गात समजावून सांगितले. स्वतः लिहावे असे कधी वाटलेच नाही, आणि आता वाटू लागले तेव्हा वय उलटून गेले आहे. त्यात विषय ट्रकच्या मागच्या चाकांचा. माझ्यासारख्या निवृत्त मराठीच्या शिक्षिकेने या विषयात बोलावे, हे माझे मलाच धिटाईचे वाटते. परंतु ज्यांना यातले खरे ज्ञान आहे ते लिहिणार नाहीत हे मला पक्के ठाऊक आहे. त्यांपैकी एकजण या क्षणी ओट्यावर बसून शेंगा सोलत आहेत. मी काय लिहिते आहे हे त्यांनी अजून विचारलेले नाही.

ते माझे यजमान. शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरला आमचा संसार झाला. मी जवळच्या हायस्कुलात शिकवत असे आणि यजमान स्वतःच्या ट्रकने ऊस वाहत असत. गळीत हंगाम सुरू झाला की शेतातला तोडलेला ऊस कारखान्यावर आणून टाकायचा, पुन्हा रिकामी गाडी घेऊन दुसऱ्या फडात जायचे, असा त्यांचा दिवस असे. वर्गात मी प्रमाण मराठी बोले. घरी पाऊल टाकले की भाषा आपोआप अहिराणी होई. शिक्षिका असून मी सुटीच्या दिवशी ट्रकच्या केबिनमध्ये बसून फडात जाते, याचे माझ्या विद्यार्थिनींना फार हसू येई. मला मात्र ती उंच जागा आवडत असे. तिथून केळीचे मळे, कापसाची शेते आणि लांबवर सातपुड्याची निळी रेघ एकदमच दिसत असे, आणि कोणाशी बोलावे लागत नसे.

तापीकाठची जमीन काळी आहे. कोरडी असते तेव्हा तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, आणि ओली झाली की ती चाकाला अशी बिलगते की चाक ओळखू येत नाही. उसाच्या फडाशेजारी केळी असते, केळीला पाणी सुरू असते, आणि ते पाणी पाझरून नेमके गाडवाटेवर येते. भरलेला ट्रक त्या जागी आला की बहुधा फसत असे. फसणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते.

बैलगाडीची दोन्ही चाके आपापली फिरतात, कारण त्यांना फिरवणारे कोणी नसते. बैल ओढतात, चाके मागून येतात. ट्रकचे तसे नाही. तिथे इंजिनच चाकांना फिरवते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचे असते आणि आतल्या चाकाला कमी. म्हणून मागच्या चाकांच्या मधोमध दातेरी चाकांची अशी रचना असते की दोन्ही बाजूंना आपापल्या वेगाने फिरायची मोकळीक मिळावी. तिचे नाव डिफरन्शियल. बाहेरून ती मोठ्या पोटासारखी दिसते, म्हणून आमच्याकडचे मिस्त्री तिला गोळा म्हणतात. गोळ्यातून दोन जाड दांडे दोन्ही चाकांपर्यंत जातात. ते ॲक्सल. सडकेवर ही मोकळीक फार उपयोगाची. चिखलात मात्र तीच नडते. एका बाजूचे चाक निसरड्या जागी आले की इंजिनाचा सारा जोर तेच खाऊन टाकते आणि जागच्या जागी गरगरत राहते. दुसऱ्या बाजूचे चाक घट्ट जमिनीवर असते, पण त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. यजमानांनी हे मला लग्नानंतर पहिल्याच हंगामात, दोन बांगड्या आणि एक लाटणे घेऊन समजावले होते. मला समजले, पण लाटण्याचे टोक मोडले. ते लाटणे आमच्याकडे अजून आहे.

गाडी फसली की आमच्या शिवारात एक रीत होती. ज्याच्या शेतात गाडी फसली, त्याने आपले बैल घेऊन यायचे. चाकाखाली उसाचे पाचट घालायचे, पुढे दोर बांधायचा, आणि इंजिन व बैल यांनी मिळून गाडी काढायची. गाडी निघाली की चालकाने खाली उतरून आपल्या हाताने बैलांना गूळ भरवायचा. आणि मग, सूर्य कुठेही असो, गाडीच्या माणसांना शेतमालकाच्या घरी जेवल्याशिवाय जाता येत नसे. त्या गावात, त्या घराशी, तुमचे काय नाते आहे हे कोणी पाहत नसे. फसलेला माणूस उपाशी गेला तर शेताला कमीपणा. त्यामुळे प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये गुळाचा डबा असे. आमचा डबा पितळी होता, माझ्या माहेरून आलेला. हंगामाच्या पहिल्या दिवशी मी तो घासून, भरून देत असे.

ज्या शेतात आमची गाडी सर्वांत जास्त फसे, ते शेत आबांचे. आबा म्हणजे यजमानांचे मित्र, वयाने त्यांच्याहून बरेच मोठे. त्यांच्याकडे एक पांढरा आणि एक कोसा, म्हणजे तांबूस रंगाचा, अशी बैलजोडी होती. जवळपासच्या गावांतून लोक आबांना बोलवायला येत, कारण या जोडीने ज्या जागेवरून ट्रक काढले होते तिथे इतरांचे बैल गुडघे टेकत. आबा बैलांना चाबूक कधी मारत नसत. कोसाच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत, आणि जोडी मान खाली घाले. एकदा मी विचारले, आबा, त्याच्या कानात काय सांगता?

"सांगस त्याले," आबा म्हणाले, "का मास्तरीणबाई देखी ऱ्हायनी. पास व्हवाले जोयजे."

मी लाजले आणि कोसाने गाडी काढली. नंतर आबांच्या घरी जेवण झाले. आबांच्या पत्नीला आम्ही सारे माई म्हणत असू. माईंच्या हातचे वांग्याचे भरीत, दादर ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा हे सारे आजही माझ्या जिभेवर आहे. यजमान आणि आबा पाटाला पाट लावून जेवत. कोणता ऊस गोड, कोणता मिस्त्री चोर, आणि कारखान्यात ऊस ओततात त्या गव्हाणीपुढच्या रांगेत कोण मध्ये घुसले, यावर त्यांचे बोलणे संपत नसे. तोवर भरलेली गाडी उन्हात उभी राहून ऊस वाळतो आहे, याची आठवण मला करून द्यावी लागे.

मग लॉक आले.

यजमानांनी ते प्रथम धडगावच्या बाजूला पाहिले. कोणाच्या तरी कामासाठी ते डोंगरात गेले होते. तिथे एक जुनी जीप दगडगोट्यांच्या नाल्यातून वर चढत होती. तिचे एक चाक चक्क हवेत लोंबकळत होते, तरी जीप थांबली नाही. बाकीच्यांनी जीपमधली माणसे पाहिली. यजमान जमिनीवर पालथे पडून जीपचे पोट पाहत राहिले. तिच्या गोळ्याला कुलूप होते. कुलूप लागले की दोन्ही बाजूंची मोकळीक संपते आणि चाके एका दांड्यावर घट्ट बसवल्यासारखी एकत्रच फिरतात. एक हवेत असले तरी दुसरे गाडी उचलते. यजमान घरी आले ते हेच सांगत. त्या दिवशी त्यांचे डोळे असे दिसत होते जसे लहान मुलांचे जत्रेहून परतताना दिसतात.

पुढच्या पावसाळ्यात, गाडी बंद असताना, त्यांनी गुजरातेच्या भंगारबाजारातून खाणीतल्या एका टिपरचा लॉकवाला गोळा मिळवला. शहाद्याच्या मिस्त्रीने तो आमच्या ट्रकमध्ये बसवला. ब्रेकच्या टाकीतल्या हवेवर ते कुलूप लागे. डॅशबोर्डवर एक बटण आणि त्याच्याशेजारी मण्याएवढा लाल दिवा. बटण दाबले की मागून बारीक फुस्स असा आवाज येई आणि दिवा लागे. यजमान ते बटण उगाचच दाबून पाहत. मिस्त्री म्हणाला होता, आधी चाक फिरून जोर वाया जात होता, आता सगळा जोर एका दांड्यावर येईल, तेव्हा दांडेही जाड घाला. यजमान म्हणाले, पुढच्या साली पाहू.

हंगाम सुरू झाला आणि पहिल्या काही दिवसांतच आबांच्या फडात खेप लागली. रविवार होता, म्हणून मी सोबत होते. केळीचे पाणी गाडवाटेवर आलेले होते. आबा दरवर्षीप्रमाणे जोडी जुंपून, दोर खांद्यावर टाकून बांधाशी उभे होते. तोडणीची माणसेही काम थांबवून पाहायला जमली होती. घरी माईंनी भाकऱ्या थापायला घेतल्या होत्या, कारण गाडी फसणार हे त्या धरूनच चालल्या होत्या. गाडी ओल्या जागेवर आली, डावीकडचे चाक गरगरले, आणि आबा दोर घेऊन पुढे झाले.

यजमानांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. "आबा, बैल सोडी द्या. आते त्यासले पेन्शन लावा."

त्यांनी बटण दाबले. दिवा लागला. गाडी एकदा हिसका देऊन उठली आणि रुबाबात चालत सुक्या जमिनीवर आली. तोडणीची माणसे हसली, कोणी टाळ्या वाजवल्या. आबाही हसले. मग आबांनी दोर गुंडाळला आणि म्हणाले, "बरं. जेवण करी जा."

यजमान त्या आनंदातच होते. "गाडी फसनीच नही आबा, मंग जेवण कसानं? आज एक खेप जास्त करस."

आणि गाडी निघाली. मी आरशात पाहिले. आबा जोडीच्या मानेवरून जू उतरवत होते. कोसाची मान अजून पुढेच ताणलेली होती.  डब्यातला गूळ तसाच परत आला.

त्यानंतर आबा आपल्या फडात गाडी लागली की शेतावर येईनासे झाले. मजुरांवर सोपवून ते गावात बसत. पुढच्या हंगामात त्यांनी आपला ऊस दुसऱ्या गाड्यांना दिला. भांडण असे झालेच नव्हते. त्यामुळे मिटवायचे काय, हेही कोणाला सांगता येत नव्हते. यजमान एका दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आबांच्या गल्लीपर्यंत गेले आणि परत आले. मी विचारले तेव्हा म्हणाले, "काय सांगीसन जाऊ? काही काम त नही." आमच्या भागातल्या पुरुषांना कामाशिवाय कोणाच्या दारी जाता येत नाही. आतून कितीही जावेसे वाटले तरी निमित्त लागते, आणि ते निमित्त यजमानांनी स्वतःच्याच हाताने बटण दाबून संपवले होते.

माई आणि मी मात्र बोलत असू. शहाद्याच्या एस.टी. स्टँडवर एकदा त्या भेटल्या. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन आम्ही धडगावच्या गाडीच्या फलाटाशी बसलो. आम्हा दोघींनाही धडगावला जायचे नव्हते, तिथे सावली होती एवढेच. मी म्हटले, माई, किती दिवस हे असे?

माई म्हणाल्या, "यासनापेक्षा बैल बरा. बैल रुसतस नही."

"आबा काही म्हनतस का?"

"म्हनतस ना. कोसाले म्हनतस. माले काही सांगत नही."

त्याच हंगामात ॲक्सल तुटला. लॉकची एक अट असते. मऊ जमीन सुटून गाडी डांबरी सडकेवर आली की ते काढावे लागते, कारण डांबरावर चाक घसरू शकत नाही, आणि वळणावर दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरायची सक्ती झाली की काहीतरी तुटणारच. खरे तर ज्याला वर्षानुवर्षे फसायची सवय, त्याच्या हातून ही चूक व्हायची नाही. तो गाडी निघाली की थांबतो, उतरतो, गूळ चारतो, जेवतो. यजमानांना आता थांबायचे कारणच उरले नव्हते. फडातून निघाले ते थेट सडकेवर चढले आणि वळले. बंदुकीसारखा आवाज झाला. मिस्त्रीने बदलायला सांगितलेला तो बारीक दांडा मधोमध पिळून तुटला होता.

भरलेली गाडी सडकेच्या कडेला उभी. मी शाळेतून रिक्षाने तिथे गेले तेव्हा यजमान धोंड्यावर बसून होते. मला वाटले, नुकसानीचे बोलतील. ते म्हणाले, "आबा मोटरसायकलवर गयात. गाडी हळू कयी त्यासनी. देखं. आनि गयात."

 ॲक्सलचा त्यांनी घरी येईपर्यंत उल्लेखही केला नाही. तेव्हा मला कळले की या माणसाला नेमके कुठे लागले आहे.

पुढे टिपरचा अख्खा मागचा भाग, जाड दांड्यांसह, आमच्या गाडीखाली आला. आता ती कशानेच अडत नसे. इतरांच्या फसलेल्या गाड्या काढायला लोक यजमानांना फोन करून बोलावू लागले. वायर-रोप लावायचा, बटण दाबायचे, ओढून काढायचे. लोक हात जोडून आभार मानत आणि आपापल्या कामाला लागत. फसलेल्या चालकाला शेतमालक घरी नेई. आमची गाडी फसलेली नसे, त्यामुळे यजमान खेपेला निघून जात आणि कारखान्याच्या रांगेत केबिनमध्ये बसून मी दिलेला डबा खात. मी डब्यात भरीत दिले तर तो बऱ्याचदा अर्धा परत येई. केबिनमधल्या गुळाला पाणी सुटले, मुंग्या लागल्या. एका हंगामाअखेर मी तो पितळी डबा घरी आणून, घासून, फळीवर ठेवून दिला. यजमानांनी तो तिथे पाहिला.

असे हंगाम जात राहिले; मीही शाळेतून निवृत्त झाले. यजमानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, पण भरलेली गाडी चालवणे आता पुरे, असे आमच्या मुलाने आणि मी मिळून ठरवले. त्यांनी फार वाद घातला नाही. एवढेच म्हणाले की हा हंगाम पूर्ण करतो, मग गाडी विकू. त्या हंगामात ते जेवताना मध्येच हात थांबवून बसत. एकदा म्हणाले, "गाडी गयी का मंग आबाना वावरमा जावाले काहीच ऱ्हावाव नही." गाडी विकली की त्या शेतात पाऊल टाकायचे शेवटचे निमित्तही जाणार होते. त्यांना हेच खात होते, आणि मला माहीत असूनही करता येण्यासारखे काही दिसत नव्हते.

हंगाम उतरणीला लागला होता. रविवारची सकाळ होती. यजमान स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि फळीकडे पाहत म्हणाले, "तो डबामा गूळ टाकी दे."

मी त्यांच्याकडे पाहिले. ते चपला शोधू लागले. चपला पायांतच होत्या.

"आज कोना फडमा खेप शे?" मी विचारले.

"आबासना." कारखान्याच्या शेतकी कर्मचाऱ्याला सांगून त्यांनी ती खेप मुद्दाम मागून घेतली होती. "तू चाल. बठ केबिनमा."

मी पदर खोचला, गूळ फोडला, डबा भरला आणि गाडीत बसले. निवृत्तीनंतर बऱ्याच दिवसांनी त्या उंच जागेवर बसत होते. 

आबांचे शेत तसेच होते. केळी तीच, पाणी पाझरण्याची जागाही तीच. आबा कुठे दिसत नव्हते. सातपुड्यातून आलेल्या तोडणीच्या माणसांनी मोळ्या भरल्या, दोर आवळले. गाडी निघाली आणि ओल्या जागेवर आली. डावीकडचे चाक गरगरायला लागले. काळा चिखल मागे उडाला. माझी नजर आपोआप बटणाकडे गेली. यजमानांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्यांनी आणखी थोडा जोर दिला, चाक आणखी खाली गेले, आणि गाडी त्या बाजूला कलून बसली. मग त्यांनी इंजिन बंद केले.

मजुरांचा मुकादम धावत आला. "शेठ, लॉक दाबा ना."

"लागत नही," यजमान म्हणाले, आणि उतरून बांधावर जाऊन बसले. मी मात्र केबिनमध्येच राहिले. डबा माझ्या मांडीवर होता.

कोणीतरी गावात निरोप दिला. बऱ्याच वेळाने आबा आले. काठी टेकत, डोक्याला उपरणे, चाल पूर्वीसारखीच सावकाश. ते यजमानांकडे गेले नाहीत. आधी चाक पाहिले, मग चिखल पाहिला, मग गाडीला एक पूर्ण फेरी घातली. तेव्हा कुठे बांधाकडे तोंड करून म्हणाले,

"तुन्हं लॉक कोठे गयं?"

"लागत नही आबा."

"काबरं?"

"हवा सरकी ऱ्हायनी."

आबा हवेच्या टाकीशी वाकले. कान लावून बराच वेळ उभे राहिले. "माले त काही ऐकाले ये नही."

"तुम्हले कमी ऐकाले येस आते."

"आनि तुले जास्त बोलाले येस," आबा म्हणाले. "ते जरा कमी कर."

मुकादमाने मान फिरवून हसू लपवले. यजमान मातीचे ढेकूळ बोटांनी चुरत राहिले. मग हळूच म्हणाले, "ते कयं. बरंच कमी कयं."

आबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. 

"बैल लई येऊ का?" आबांनी विचारले.

"शेतस का?"

"पांढरा गया. कोसा शे." आणि गाडीकडे न पाहता ते म्हणाले, "पेन्शनवर शे."

यजमानांनी मान वर केली नाही. "लई या," एवढेच म्हणाले.

कोसा आला. पाठीचा कणा वर आलेला, पापण्या पांढऱ्या, पण पोट भरलेले आणि शिंगांना तेल. माईही मागून आल्या होत्या. भरलेला ट्रक एका म्हाताऱ्या बैलाने निघणार नाही, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होते, आणि कोणी ते बोलले नाही. मुकादमाने दोर गाडीच्या पुढच्या हुकाला बांधला. आबांनी तो भरपूर लांब सोडायला लावला. चाकाखाली पाचट घातले. सगळे अगदी पूर्वीच्या क्रमाने झाले. आबा कोसाच्या कानाशी वाकले आणि त्यांनी काहीतरी सांगितले. कोसाने मान खाली घातली.

यजमान केबिनमध्ये चढले, इंजिन सुरू केले, सर्वांत खालचा गिअर टाकला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी बटण दाबले. फुस्स झाले. लाल दिवा लागला. मागची दोन्ही चाके एकदमच फिरू लागली आणि गाडी वर उठली. पुढे कोसा एक एक पाऊल टाकत चालला होता. त्याच्या आणि गाडीच्या मधला दोर सैल होऊन जमिनीला टेकत होता. यजमान त्याच्या चालीने गाडी चालवत होते. पायाचा जोर जरासा जास्त झाला असता तर गाडी त्याच्यावर गेली असती, म्हणून त्यांच्या कपाळावर घाम आला होता. सुक्या जमिनीवर आल्यावर कोसा आपणहून थांबला, जसा पूर्वी थांबे.

यजमानांनी आधी लॉक काढले. दिवा विझलेला पाहिला. मग माझ्या मांडीवरचा डबा घेऊन ते खाली उतरले. कोसाच्या तोंडाशी त्यांनी हात धरला. त्याने गूळ घेतला आणि नंतर बराच वेळ त्यांचा तळहात चाटत राहिला.

"दम शे अजून त्यान्हामा," यजमान म्हणाले.

आबांनी चाकांचे ठसे पाहिले. एकसारखे, समांतर, दोन्ही बाजूंना सारखेच खोल. फसलेली गाडी फक्त बैलाने काढली तर ठसे असे उमटत नाहीत, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार. त्यांनी काठीने एका ठशावर जरा माती ओढली.

"शे ना," ते म्हणाले. "चला आते. जेवाले चला. भरीत करेल शे."

माई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "उतर माय खाले. का गाडीमाच जेवस?"

त्या दिवशी दोन पाट पुन्हा शेजारी मांडले गेले. गाडी उन्हात उभी राहिली, ऊस वाळला, आणि त्याची आठवण मी कोणालाच करून दिली नाही.

हंगाम संपल्यावर गाडी विकली. घेणाऱ्याने आधी वाकून गोळा पाहिला, मग जाड दांडे पाहिले आणि म्हणाला, लॉक चालते ना? यजमान म्हणाले, चालते. कोसा त्यानंतर एक पावसाळा जगला. यजमान आता आठवड्यातून एकदा एस.टी.ने आबांकडे जातात, काही काम नसते तरी. आबांना खरोखरच कमी ऐकू येते, त्यामुळे यजमान मोठ्याने बोलतात आणि परत येतात तेव्हा त्यांचा घसा बसलेला असतो.

आता आमच्या भागात नव्या गाड्या येतात त्या लॉक घेऊनच येतात. ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढतात. बैलजोड्या फार थोड्या राहिल्या, आणि गाड्या क्वचितच फसतात. हे चांगलेच झाले, असे मी मनापासून म्हणते. मजुरांची उन्हातली ताटकळ वाचली, बैलांचे गुडघे वाचले. यात मला तक्रारीला जागा दिसत नाही. तरीही सकाळी सडकेवरून उसाने भरलेल्या गाड्या न थांबता जाताना ऐकल्या की माझी नजर फळीवरच्या त्या पितळी डब्याकडे जाते. त्यात गूळ मी अजून ठेवते. तो चहात संपतो, पुन्हा भरते.

एवढे लिहून झाल्यावर, ज्यांनी इथपर्यंत वाचण्याचा धीर दाखवला त्यांना एकच विचारावेसे वाटते. तुमच्या शिवारात कोणाची गाडी फसली, तर तिच्या माणसांना अजून जेवायला थांबवतात का?